पोलादावरचं कुंकू

उटे हेनेबर्ग मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. आमचे हे, म्हणजे विजयकुमार, म्हणायचे, "शोभना, निदान तोंडदेखलं तरी हसत जा." मी हसले नाही. ती बाई हात मिळवायची तीच मुळी बाजारात बकरा बघायला आल्यासारखी. आधी हात, मग दंड, मग नजर सरळ मांड्यांवर.

बॉबस्ले नावाचा खेळ जगात आहे हेच मला दीड वर्षापूर्वी ठाऊक नव्हतं. डोंगरावरून खाली येणारी बर्फाची वळणावळणाची पन्हळ असते, तिच्यातून गाडी सोडायची. बायकांच्या गाडीत दोघी. पुढची पायलट, ती गाडी वळवते. मागची ब्रेकवुमन. तिने सुरुवातीला जीव खाऊन गाडी ढकलायची, पळतापळताच आत उडी घ्यायची, मान गुडघ्यांत खुपसायची आणि खाली पोचेपर्यंत वर बघायचं नाही. पोचल्यावर ब्रेक ओढायचा. नाव मात्र पुढचीचं. आमच्या मैथिलीला ही मागची व्हायचं होतं. दुबईत करामाच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, बर्फ म्हणजे मॉलमध्ये वाढदिवसाला एकदा पाहिलेला, कॉलेजात शंभर मीटर पळणारी माझी एकुलती एक मुलगी!

इथल्या एका भारतीय उद्योगपतीला भारताची महिला टीम उभी करायची हौस आली आणि त्याने जर्मनीहून उटेला आणलं. पायलट ठरली होती, हेमा म्हणून, ती तिकडे जर्मनीतच सराव करत होती. तिच्या मागची एक जागा रिकामी. दुबईतल्या भारतीय पासपोर्टच्या मुली गोळा झाल्या, गळत गळत दोघी राहिल्या. एक मैथिली आणि दुसरी समिधा.

समिधा दापोलीकडची. बायकांच्या जिममध्ये ट्रेनर, राहायला इंटरनॅशनल सिटीत, एका खोलीत पाच जणींबरोबर बेडस्पेसवर. दर रविवारी आमच्याकडे जेवायला. आली की आधी ओट्याशी येऊन "काकू, काय चिरून देऊ?" विचारणार. माझ्या घरात हा प्रश्न दुसऱ्या कुणाला कधी सुचलेला नाही. तिच्याकडे दिलेला डबाही कधी रिकामा परत यायचा नाही. काही नाही तर चिमूटभर साखर, नाहीतर ड्रॅगन मार्टमधली चार केसांची रबरं.

अल कूझमधल्या एका गोदामात उटेचा कारखाना होता. जमिनीवर रूळ, रुळांवर चाकांची गाडी, आणि एसी असा की बघायला बसणाऱ्याने शाल घ्यावी. भिंतीवर तिची सगळी कारकीर्द टांगलेली. थुरिंगियाच्या जंगलातल्या खेड्यातली पोर, शाळेत गोळाफेक, मग कुणाच्यातरी मागे बसणारी ब्रेकवुमन, मग पायलट, मग तीनदा जगज्जेती. सुवर्णपदकांचे तीन फोटो. तिन्हींत उटेचा चेहरा लख्ख आणि मागे नुसतं एक हेल्मेट.

"मागे कोण बसलंय?" मी एकदा विचारलं.

"कुठल्या फोटोत?"

"तिन्हींत एकच नाही का?"

"नाही. प्रत्येक वेळी वेगळी." पहिलीचं नाव तिने सांगितलं, झिल्के. दुसरीचं आठवायला छताकडे बघावं लागलं. तिसरीचं सांगितलंच नाही, शिट्टी वाजवून पोरींना परत रुळांवर बोलावलं.

घरी येऊन मी यांना म्हटलं, "जिने ढकललं म्हणून जिंकली, तिचं नाव आठवत नाही हिला. ही काय आपल्या पोरीला वळण लावणार?"

"अगं, वळण लावायला नाही, पळवायला आणलीय तिला," हे म्हणाले. यांच्याशी भांडण कधी रंगतच नाही.

त्यात ते वजनाचं खूळ. मागची बाई जड लागते म्हणे. श्रावणात माझ्या ओट्यावर उकडलेल्या अंड्यांची परात असायची आणि मी नाकाला पदर लावून साबुदाणा भिजवायची. गणपतीत यांनी हौसेने उटेला जेवायला बोलावलं. तिने मोदक चमच्याने फोडला, सारण ताटाच्या कडेला लोटलं आणि मैथिलीकडे बघून नुसतं एवढंच म्हणाली, "साखर." मैथिलीने हातातला मोदक ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समिधाने मात्र दोन खाऊन तिसरा मागून घेतला आणि वर तूपही. "उद्या दोन चकरा जास्ती मारीन, मॅडम," असं उटेलाच सांगितलं. उटे हसली नाही. तिने बहुतेक तेव्हाच काहीतरी मनात टिपून ठेवलं असणार.

नवरात्रात तिने शेवटची परीक्षा काढली. तिच्या शेवटच्या सुवर्णपदकाच्या गाडीच्या पट्ट्या तिने तिकडून आणल्या होत्या. गाडीच्या तळाला या पोलादी पट्ट्या असतात, बर्फावरून घसरतात त्या याच. त्यांना रंग नाही, मुलामा नाही, नुसतं उघडं पोलाद आरशासारखं घासलेलं. आणि त्या खेळातली रीत अशी की पट्ट्या घासायच्या ब्रेकवुमनने. बारीक कागदाने, तास न् तास, हातमोजे घालून, कारण बोटाच्या घामानेही पोलाद डागतं. दोन पट्ट्यांची जोडी तिने दोघींत मिळून दिली. पाळीपाळीने घरी न्या, घासा, तेलाच्या फडक्यात गुंडाळून दुसरीला द्या. शनिवारी मी बघणार, आणि शनिवारीच नाव सांगणार, म्हणाली.

"म्हणजे जगज्जेतीची भांडी घासायची," मी म्हटलं.

"आई, प्लीज. यू डोन्ट गेट इट," मैथिली म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बुधवारी खंडेनवमी होती आणि पट्ट्या आमच्याकडे होत्या.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. विजयकुमार इंजिनिअर माणूस, इथे आल्यापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलेलं नाही. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप, माझा मिक्सर, खाली पार्किंगमध्ये गाडी, सगळ्यांना कुंकवाची बोटं आणि झेंडूचे हार. ("एक हार सात दिरहम! म्हणजे पावणेदोनशे रुपये की गं!") त्या दिवशी मी ऑफिसात, मैथिली सरावाला. यांनी तिच्या पलंगाखालून पट्ट्या काढल्या. पोरीचं हत्यार ते, शनिवारी तिचा निकाल, मग पाटावर मधोमध मान त्यांचाच. पाण्यात कालवलेलं कुंकू, एकेका पट्टीवर पाच पाच बोटं रांगेत, हळद, अक्षता, वर फुलं. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, दसऱ्याला उचलायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मीही हात जोडले. हातमोज्यांचं मला माहीत होतं, घामाचं माहीत होतं. पण देवाचं कुंकू कशाला डागेल, असं आपल्या डोक्यात येतच नाही. मैथिली कानात गाणी घालून आली, जेवली आणि झोपली. पट्ट्या पलंगाखालीच आहेत असं तिला वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी तिच्या किंकाळीने मी उठले. तिने कुंकू पुसलं होतं आणि कुंकवाखालून कुंकवाच्याच रंगाचा गंज निघाला होता.

यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "मी आत्ता उटेला फोन करतो. माझी चूक आहे, पोरीची नाही."

"डोन्ट यू डेअर, बाबा!" बापावर असा आवाज तिने कधी चढवला नव्हता. मग खाली बसून घासत राहिली. डाग फिके झाले, गेले नाहीत. "आय विल हँडल इट. तुम्ही दोघं यात पडू नका."

हँडल करणार म्हणजे स्वतः सांगणार, असं मी धरून चालले. आई आहे मी, दुसरं काय धरून चालणार?

संध्याकाळी समिधा आली, मीना बाजारातून आपट्याची पानं घेऊन. सगळ्यांना वाकून नमस्कार, सगळ्यांना सोनं. मैथिलीनेही तिला आमच्या पूजेतलं पान दिलं, ज्याला यांनी कुंकवाचं बोट लावलेलं असतं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा," असं म्हणालीसुद्धा, इंग्रजी वळणाच्या मराठीत. आणि मागोमाग फडक्यात गुंडाळलेल्या पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या. मी ओट्याशी श्रीखंडाचा डबा भरत होते. समिधा बाथरूमला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "सांगितलंस ना गं तिला? आणि उटेला?"

"हो, आई. दोघींना."

शनिवारी मी उलटा फेरा घेऊन समिधाला ड्रॅगन मार्टच्या स्टॉपवरून उचललं आणि दोघींना गोदामात नेलं. माझ्या गाडीच्या बॉनेटवर अजून यांची पाच बोटं होती, वाळलेला हारही. उटे शटरबाहेर उभी होती. तिने गाडीकडे बघितलं, मग पोरींकडे, मग घड्याळाकडे. "यल्ला," म्हणाली. 'चला' म्हणायचा हा अरबी शब्द, इतक्या महिन्यांत बाईने इथलं तेवढं एकच उचललं होतं.

दोघींनी गाडी ढकलली. पुन्हा ढकलली. मी शाल घट्ट ओढून देवाचं नाव घेत होते, आणि कुणासाठी घेत होते ते मलाच धड कळत नव्हतं. घड्याळात दोघींत नखाएवढा फरक, कधी ही पुढे, कधी ती. मग उटेने टेबलावर फडकं उलगडलं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने हातमोजे चढवले, एक पट्टी उचलली, ट्यूबलाइटखाली धरली आणि उलटसुलट करून बघत उभी राहिली. तेवढा वेळ मात्र मला तिची दया आली. आपल्याकडचं जपलेलं काही कुणी खराब केलं की माणूस असाच उभा राहतो.

"हे कुणी केलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

समिधा पुढे झाली. "मॅडम, मी काल दिवसभर डाग घासले, पण जात नाहीत. मैथिली बोलली की तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

समिधाने मैथिलीकडे बघितलं. मीही बघितलं. मैथिली सरळ उटेकडे बघत होती.

"आय नेव्हर सेड दॅट," ती म्हणाली. "मी दिल्या तेव्हा पट्ट्या स्वच्छ होत्या. तिच्या खोलीत सहा जणी राहतात. तिने ओल्या हाताने घेतल्या असतील."

समिधा हळूच वळून माझ्याकडे बघायला लागली. दर रविवारी "काय चिरून देऊ" विचारताना बघते, तसंच.

"मैथिली, खोटं बोलू नकोस!" मी ओरडले. मराठीतच ओरडले, इंग्रजी सुचलंच नाही. मग उटेकडे वळून होतं नव्हतं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. पूजा, कुंकू, पाणी, माझा नवरा, गुरुवारची सकाळ. "समिधाचा यात काडीचा संबंध नाही. माझी मुलगी खोटं बोलतेय. मी तिची आई आहे आणि मी सांगतेय."

"मला माहीत आहे," उटे म्हणाली.

तिने पट्टी माझ्यापुढे धरली. "गंज असा सारख्या अंतरावर, रांगेत येत नाही. हे कुणाचंतरी बोट आहे." मग फडक्याचा कोपरा उलटा केला, तिथे हळदीचा पिवळा डाग. मग तिने हात लांब करून उघड्या शटरबाहेरची माझी गाडी दाखवली. उन्हात बॉनेटवर तीच पाच बोटं. "तुम्ही आलात तेव्हा हे मी बाहेर बघितलं. आत येऊन पुन्हा बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. मैथिली जर्मनीला जाईल."

मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं. "अहो, पण ती खोटं बोलली!"

"हो. चांगलं बोलली. पापणी लवली नाही." ती हातमोजे काढत होती, एकेक बोट सावकाश. "गंजाचं काय, मी दोन तासांत काढते. घड्याळात दोघी सारख्या आहेत. मला निवडायला काहीतरी हवं होतं. ते मिळालं."

"हे निवडायचं कारण झालं?"

"झिल्के माझी मैत्रीण होती," उटे म्हणाली. "माझ्याहून चांगली. आम्ही दोघी एकाच पायलटच्या मागे बसायला धडपडत होतो. एकदा ट्रकमधून उतरवताना माझ्या हातून गाडी उलटली आणि मी तिचं नाव सांगितलं. पुढे मी पायलट झाले तेव्हा पहिल्या वर्षी तिलाच मागे घेतलं, पदक जिंकलं आणि मग काढून टाकलं. मी उपकार केल्यासारखी तिची नजर मला पाठीत टोचायची." तिने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमची मुलगी तीन हिवाळे टिकेल. ही दुसरी मुलगी एका आठवड्यात रडेल आणि सगळ्यांना माफ करेल."

"बाई, तुझ्या पदकांना आग लागो," मी मराठीत म्हटलं. तिला शब्द कळले नसतील, अर्थ कळला असावा. तिने मान हलवली, जणू हेही तिने यापूर्वी कुठल्यातरी आईकडून ऐकलं होतं.

समिधाने पिशवी खांद्याला लावली. मी तिच्या मागे धावले. "थांब गं, सोडते तुला."

"नको, काकू. बस आहे." ती थांबली नाही. फाटकाशी पोचल्यावर वळून म्हणाली, "काकांना सांगा, मला त्यांचा राग नाही. ते हौसेने करायला गेले." तेवढंच. रडलीही नाही. उटेचा अंदाज तिथे तरी चुकला.

परतीच्या वाटेवर मी शेख झायेद रोडवर गाडी चालवत होते आणि तोंड थांबत नव्हतं. लाज कशी वाटली नाही, तिच्या हातचं सोनं घेतलंस, आणि काय काय. मैथिली खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "आई, आय न्यू शी न्यू."

"काय?"

"आत जाताना ती बॉनेटकडे बघत होती. मी बघितलं तिला बघताना."

"म्हणजे तिला कळलंय हे ठाऊक असून तू..."

"म्हणूनच. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती ओके, नो प्रॉब्लेम, आणि समिधाला घेऊन गेली असती. समिधा सगळ्यांना आवडते. तुलासुद्धा." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तू मला सगळ्यांसमोर लायर म्हणालीस. माझी आई. इट्स ओके. खलास."

समिधा मला आवडते हे खरं होतं. म्हणून काय पोटची पोर कुणाच्या गळ्यावर पाय देऊन चढेल? हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं होतं, पण तोवर करामाचा सिग्नल आला आणि मागचा हॉर्न वाजवायला लागला.

यांनी समिधाला फोन केले, तिने एकदाही उचलला नाही. रविवारी तिच्यासाठी पान मांडू का, म्हणून यांनीच विचारलं आणि यांनीच पाट उचलून ठेवला. त्या दिवसापासून घरात आम्ही तिघंही भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होतो. मैथिली बॅगा भरत होती. थर्मल, जाड मोजे, स्पाइक्सचे बूट. जिच्यावर मी वर्षभर चिडत होते ती जर्मन बाई आता माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच मुलीच्या रूपाने उभी राहून अंडी सोलत होती.

जायच्या दिवशी दुपारी खालचा वॉचमन यहया माझा श्रीखंडाचा डबा घेऊन वर आला. "मॅडम, वो आपकी लडकी देके गयी। ऊपर नहीं आयी।" डबा घासूनपुसून लख्ख. हलका लागला. रिकामाच दिला असता तरी मी समजून घेतलं असतं, पण रिकामा नव्हता. आत आपट्याचं एक पान होतं, वाळून कडेला मुडपलेलं, मधोमध यांच्या कुंकवाचं बोट. दसऱ्याला दिलेलं सोनं कुणी परत करत नाही. माझ्या उभ्या जन्मात मी तसं बघितलेलं नाही. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

संध्याकाळी हे गाडी काढायला खाली गेले. मैथिली दाराशी आली, देवाला नमस्कार केला, मला केला आणि हात पुढे धरला. लांबच्या प्रवासाला निघताना मी तिच्या हातावर दही घालते. शाळेच्या परीक्षांपासूनची रीत. वाटी माझ्या हातात होती. मी वाटी ठेवली आणि तिच्या तळहातावर ते पान ठेवलं.

"व्हॉट इज धिस?"

"तू समिधाला दिलं होतंस ते. तिने परत पाठवलंय."

तिने पानाकडे बघितलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. देवा, एकदा तरी लवू दे पापणी, एवढंच मागत होते. तिने पान बुटांच्या कपाटावर ठेवलं, नीट, पडणार नाही असं. मग हात पँटला पुसला, बॅगेचा दांडा वर ओढला आणि म्हणाली, "दही राहू दे, आई. लिफ्ट आलीय."

दार लावताना मला एक गोष्ट स्वच्छ कळली. उटे मला आवडत नाही असं मी वर्षभर म्हणत होते. आता माझी मुलगी मला आवडत नव्हती, आणि ती तिकडे जिंकणार होती.